चहापुरतं

फेब्रुवारीचे अठ्ठावीस दिवस मी आमच्या घरातलं दूध मोजलं. महिना मुद्दाम लहान निवडला, कारण माझा उत्साह किती दिवस टिकतो ते मला ठाऊक आहे.

निमित्त पेपरातल्या एका बातमीचं. सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहिण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली. त्यामुळे आकडा दिसला की तो कशाला कशाने भागून आलाय हे बघितल्याशिवाय चैन पडत नाही. बातमी अशी होती की २०२३-२४ मध्ये देशाचं दूध उत्पादन २३ कोटी ९३ लाख टनांवर गेलं आणि आता माणशी रोज ४७१ ग्रॅम दूध उपलब्ध आहे. दूध पाण्याहून किंचित जड, लिटरला एक किलो तीस ग्रॅमच्या आसपास. म्हणजे ४७१ ग्रॅमचं झालं ४५७ मिलिलिटर. जवळजवळ अर्धा लिटर. रोज. तान्ह्या बाळापासून कवळी लावलेल्या आजोबांपर्यंत सगळ्यांना.

आमच्या घरी माणसं चार. सकाळी गवळ्याकडून एक लिटर म्हशीचं आणि संध्याकाळी अर्ध्या लिटरची पिशवी, असा दीड लिटरचा रतीब. भागिले चार, माणशी ३७५ मिली. आमचं घर काही गरीब नाही, आणि तरी आम्ही देशाच्या सरासरीच्या खाली! मला उगाच आपल्या हातून काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं. मग बाजारातून मापाचा प्लास्टिकचा मग आणला आणि गॅसशेजारी वही टांगली.

‘‘आई, काय करलालीस?’’ मुलगा.

‘‘दूध मोजतेय.’’

‘‘गवळी कमी घालतोय?’’

नाही, गवळी चोख होता. मला बघायचं होतं की घरात आलेलं दूध जातं कुठे. पहिल्या आठवड्यात चित्र साधारण दिसायला लागलं. मुलगा साडेचारशेच्या घरात, म्हणजे राष्ट्रीय सरासरीला टेकलेला. सासूबाईंचं रात्रीचं हळदीचं दूध आणि दुपारचं दही मिळून तीनशे. मिस्टर दिवसातून चार चहा, शिवाय रात्री दूध-भाकरी. माझे दोन चहा, फार तर शंभर मिली. हे वाचून हळहळणाऱ्या मैत्रिणींनी जरा थांबावं. कारण हिशेब जुळत नव्हता. रोज सत्तर-ऐंशी मिली कमी पडत होतं. आधी वाटलं, उकळताना आटत असेल. काही आटतही होतं. पण दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी, कोणी उठायच्या आत, गॅसपाशी उभी राहून पातेल्यावरची साय साखर घालून खाताना माझा हात तसाच थांबला. चोर सापडला होता. तीस वर्षं घरात मी सांगत आलेय की मला दूध आवडत नाही.

ते असो. घरचा हिशेब जुळला, पण देशाचा डोक्यातून जाईना.

एवढं दूध मोजतं कोण? मला आधी वाटायचं, डेअऱ्यांच्या आकड्यांची बेरीज करत असतील. तसं नाही. देशातलं साधारण निम्मं दूध डेअरीचं तोंडही बघत नाही. ते घरात राहतं किंवा गावातच शेजारी विकलं जातं. म्हणून सरकार नमुना पाहणी करतं. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे वर्षाचे तीन हंगाम धरून निवडक गावांत माणसं जातात, दुभती जनावरं मोजतात, एक जनावर दिवसाला किती देतं त्याची सरासरी काढतात आणि मग गुणाकार. खालचा भाजकही मोजलेला नाही, २०११ च्या जनगणनेवरून पुढे नेलेला लोकसंख्येचा अंदाज आहे. वर गुणाकार, खाली अंदाज. आमच्या कारखान्याच्या ऑडिटरने असला ताळेबंद माझ्या टेबलावर परत आदळला असता. पण खरं सांगायचं तर, कोट्यवधी गोठ्यांच्या देशात याहून वेगळं काही करता येईल असं मलाही वाटत नाही. आकड्यात लबाडी नाही. माझी तक्रार ‘उपलब्ध’ या शब्दाशी आहे. चाटी गल्लीतल्या दुकानात लावलेली पैठणीसुद्धा मला उपलब्धच असते.

त्या ४७१ ग्रॅममध्ये पेढे आले, बासुंदी आली, लग्नाच्या पंगतीतलं श्रीखंड आलं, अभिषेकाचं दूध आलं. आणि तूप. म्हशीच्या दुधाचं किलोभर तूप करायचं तर पंधरा-सोळा लिटर दूध लागतं. तुपात तळलेली इमरती खाणारा माणूस एका बैठकीत किती जणांचं उपलब्ध दूध खातो, हा हिशेब मी मांडायला घेतला होता. मिस्टरांनी वही काढून घेतली.

मी राहते तो भाग कन्ना चौकाच्या पलीकडचा. गल्लीत मराठी घरं थोडी, तेलुगू जास्त आणि टोकाला कानडी. मी लग्न होऊन आले तेव्हा सायकलवरून येणारा गवळी एका दारात ‘दूध’ म्हणायचा, पुढच्या दारात ‘पालु’ आणि वळणावर ‘हालु’. सासूबाईंच्या आठवणीत तर म्हैसच दारात यायची. लांबलचक तलवारीसारख्या शिंगांची पंढरपुरी म्हैस, गल्लीत शिरताना मान तिरकी करून शिरणारी. डोळ्यांदेखत धार काढून घ्यायची, म्हणजे पाण्याचा प्रश्नच नाही. फेस जास्त आणि दूध कमी, ही तक्रार मात्र तेव्हाही होतीच. दिवाळीच्या पाडव्याला त्या शिंगांना रंग, मोरपिसं आणि गोंडे लावून गवळी म्हशी मिरवायचे, तेव्हा सासूबाई खिडकीतून आमच्या रतिबाची म्हैस ओळखून दाखवायच्या.

आता गवळी मोटारसायकलवरून येतो आणि गल्लीतल्या निम्म्या दारांत थांबतच नाही. शेजारच्या दोन खोल्यांत सहा माणसं राहतात. बायका दिवसभर सुपात तंबाखू घेऊन विड्या वळतात. त्यांचं दूध म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातली दहा रुपयांची पिशवी. सकाळी एक. पाहुणा आला तर आणखी एक. त्या पिशवीत सहा जणांचा दोन वेळचा चहा होतो. तो कसा होतो ते मी बघितलंय. आधी पाणी, पत्ती आणि साखर भरपूर उकळून घ्यायची, रंग काळाभोर आला की वरून धार सोडायची, आणि चहा तांबूस दिसायला लागला की हात आवरायचा. रंगापुरतं दूध. मापाचा मग घेऊन त्यांच्याकडे जायची माझी हिंमत झाली नाही. पण पिशवीवर छापलेलं माप आणि माणसं सहा, हा भागाकार मगाशिवायही होतो. तिशी गाठत नाही. तिकडे आहारशास्त्राची राष्ट्रीय संस्था माणसाच्या रोजच्या ताटाशेजारी ३०० मिली दूध ठेवते.

त्या खोल्यांत कमी, मुलाच्या पेल्यात जास्त. भागाकार केला की दोघंही ४७१.

माझा जन्म १९७३ चा, मंगळवेढा तालुक्यातल्या आजोळचा. हे साल मी उगाच सांगत नाही. १९५०-५१ मध्ये देशात १ कोटी ७० लाख टन दूध होत होतं, माणशी १३० ग्रॅम. पुढची वीस-बावीस वर्षं खाणारी तोंडं वाढली, दूध त्या मानाने वाढलं नाही, आणि १९७३-७४ ला आकडा ११० वर उतरला. म्हणजे देशाच्या दुधाचं भांडं तळाला गेलं तेव्हा मी आले. त्यातून आमच्याकडे बहात्तरचा दुष्काळ. आई पोटुशी असताना खडी फोडायला जायची, कामावर सुकडी मिळायची, आणि रेशनला परदेशातून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी. मालदांडीची पांढरीशुभ्र भाकरी खाणाऱ्या मंगळवेढ्याच्या माणसांनी ती लाल भाकरी कशी गिळली, हे आजी शेवटपर्यंत सांगायची. आईला दूध आलं नाही. जनावरं विकलेली होती, खिलार गाय होती तीही गेली. तशीही खिलार गाय पाळायची ती बैलासाठी, तिला दूध वासरापुरतं. आजीने कुठून तरी एक शेळी मिळवली. मी शेळीच्या दुधावर जगले. अजूनही मी हट्टाने काही बोलले की मामा म्हणतो, ‘‘शेळीचं दूध बोलतंय.’’

तिकडे गुजरातेत, आणंदला, तेव्हा वेगळीच खटपट चालू झाली होती. युरोपात दूध पावडर आणि लोण्याचे डोंगर साठले होते. ती पावडर आणि बटर ऑइल देणगी म्हणून घ्यायचं, इथे त्याचं दूध करून शहरांत विकायचं आणि आलेला पैसा डेअऱ्या उभारण्यात घालायचा, अशी वर्गीस कुरियन यांच्या दुग्ध विकास मंडळाची योजना. १९७० ला सुरू झालेला हा ‘दुधाचा महापूर’. मला यातली हुशारी हिशेबनिसाच्या नजरेने फार आवडते. फुकट आलेला माल वाटून टाकला असता तर इथल्या गवळ्याचा भाव पडला असता आणि देश कायमचा पावडरीवर राहिला असता. यांनी त्या देणगीचं भांडवल केलं. १९८०-८१ ला माणशी १२८ ग्रॅम, १९९०-९१ ला १७६, २००० च्या वर्षात २१७, पुढच्या दहा वर्षांत २८१. मधे १९९८ ला अमेरिकेला मागे टाकून आपण जगात पहिले झालो आणि पहिलेच आहोत. जगातलं जवळपास चौथा हिस्सा दूध आज आपल्याकडे निघतं.

तो महापूर मामाच्या गोठ्यापर्यंत पोहोचायला १९८९ साल उजाडलं. कर्ज काढून पहिली संकरित गाय आणली तेव्हा ती बघायला गाव लोटला. काळे-पांढरे ठिपके, वशिंड नाही, शिंगं असून नसल्यासारखी. आजी म्हणाली, ‘‘ही गाय हाय का शाळंतला नकाशा?’’ पण नकाशाने सकाळ-संध्याकाळ मिळून बारा लिटर दिलं आणि आजी गप्प झाली. आजही सरकारी सरासरीने संकरित गाय दिवसाला आठ लिटरच्या आसपास देते, देशी तिच्या निम्मं.

मोजणी संपली त्या मार्चमध्ये मी दोन दिवस मामाकडे गेले. मामा आता पंच्याहत्तरीचा. गोठ्यात दोन संकरित गायी आणि एक पंढरपुरी म्हैस. घरात पाच माणसं: मामा-मामी, मुलगा-सून आणि नातू.

पहाटे साडेपाचला मामींच्या मागे गोठ्यात गेले. गायींची धार यंत्राने निघते, पण म्हैस मामींशिवाय कोणाला हात लावू देत नाही. रेडकू आधी थोडं लुचतं, पान्हा सुटतो, मग मामी त्याला बाजूला ओढून खुंट्याला बांधतात आणि खाली बसतात. पहिल्या दोन-चार धारा जमिनीवर. मग बादलीच्या बुडाला लागणारा टणटण आवाज, आणि दूध चढत जाईल तसा तो आवाज जड होत फेसात बुडून जातो. मामी काही बोलत नव्हत्या. म्हशीच्या कुशीला कपाळ टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटलं झोप लागली की काय. पण हात चालू होते.

मामाबरोबर किटल्या घेऊन संकलन केंद्रावर. एक कोवळा पोरगा यंत्रापाशी. चमच्याएवढं दूध नळीत ओढलं जातं आणि पडद्यावर आकडे येतात. गाय: फॅट ३.७, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) ८.४. गाईच्या दुधाला पाहिजे साडेतीन आणि साडेआठ. फॅट वर, पण एसएनएफ एक पॉइंट खाली, म्हणून दर कापला. मामा पोरग्याला काही म्हणाला नाही. चिठ्ठी खिशात घालत मला म्हणाला, ‘‘पेंड बदलली, मुरघास घातला, तरी एक पॉइंट हलंना. तुज्या हिशेबात असं असतंय व्हय?’’ म्हशीचं फॅट साडेसात लागलं तेव्हा मात्र त्याची मान अशी वर झाली, जणू दहावीचा निकाल.

सकाळी चौदा लिटर, संध्याकाळी अकरा. पंचवीस लिटर दूध आणि पाच माणसं. म्हणजे सरकारी रीतीने त्या घरात माणशी पाच लिटर उपलब्ध!

घरी आलो तर मामींनी चुलीवर चहाचं आधण ठेवलेलं. शेजारी स्टीलचा एक तांब्या, त्यात तळाला दूध.

‘‘एवढंच ठेवलंय?’’

‘‘चहापुरतं ठेवलंय की. किती लागतंय?’’

मी मापाचा मग काढला (हो, बरोबर नेला होता). अर्धा लिटरला थोडं कमी. संध्याकाळी आणखी पाव लिटर. पाऊण लिटर, पाच माणसं. माणशी दीडशे मिली. आणि तेही गाईचं. म्हशीचं सगळं केंद्रावर, कारण त्याला भाव जास्त. भावाचं बाहेर, उरलेलं घरात. आमच्याकडे म्हणतात दुधाची तहान ताकावर भागवावी. मामींकडे ताकही नसतं, कारण ताकाला आधी दही लागतं आणि दह्याला दूध.

मी जरा शहाणपणा केला. म्हटलं, मामी, नातवाला तरी पेलाभर देत जा. त्या हसल्या. ‘‘देतो की. पर दूध म्हंजे काय पाणी हाय? पगार हाय त्यो.’’ दर दहा दिवसांनी डेअरीचं बिल खात्यात जमा होतं, त्याला गावात ‘दुधाचा पगार’ म्हणतात. डाळिंबाचा पैसा आला तर वर्षातून एकदा, ज्वारी घरी खायला. शाळेची फी, मामाच्या बीपीच्या गोळ्या, किराणा, मोबाईलचं रिचार्ज, सगळं दुधाच्या पगारावर. त्यातून पेंड आणि जनावरांच्या गोळीखाद्याचे पैसे आधीच वळते झालेले असतात. पेलाभर दूध नातवाला दिलं तर त्या पगारातून किती गेलं, हे मामींना तोंडपाठ असतं. माझ्याकडे मापाचा मग आहे, त्यांच्याकडे दर आहे.

एका मामाच्या घरावरून देशाचा निष्कर्ष काढू नये, एवढं मला कळतं. पंजाबात माणशी दूध किलोच्या वर आहे, आणि तिथल्या घरांतून लस्सीचे पेले कसे भरतात ते टीव्हीवर दिसतंच. महाराष्ट्र २०२३-२४ मध्ये १ कोटी ६० लाख टनांसह उत्पादनात पाचवा आला, पण माणशी हिशेब साडेतीनशे ग्रॅमच्या आसपासच, देशाच्या बराच खाली. तरीही खर्चाच्या पाहणीतला एक आकडा मला बोलका वाटतो. २०२२-२३ मध्ये खेड्यातल्या माणसाच्या महिन्याच्या खर्चात धान्याला ४.९१ टक्के आणि दूधदुभत्याला ८.३३ टक्के. घरच्या जनावराचं घरात प्यायलेलं दूधही त्यात भाव लावून धरलेलं असतं. म्हणजे दुधावर होणारा खर्च भाकरीच्या पुढे गेला. रेशनचं धान्य फुकट आणि स्वस्त आहे, हे त्याचं एक कारण. दूध मात्र कोणाच्याच रेशनकार्डावर नाही.

जनावरं सांभाळायची म्हणजे काय, हे २०१९ च्या उन्हाळ्यात मी बघितलं. उजनी धरण तळाला, कडब्याची पेंढी सोन्याच्या भावाची, आणि सांगोला-मंगळवेढ्याच्या माळांवर चारा छावण्या. मामा चार महिने छावणीत राहिला. हिरवी नेट, खाली खाट, खाटेशेजारी जनावरं. घरून भाकरी यायची आणि छावणीतून दूध जायचं. बेचाळीस डिग्रीत, वाटून मिळालेल्या उसाच्या वाढ्यावर गायी निम्म्यावर आल्या होत्या, तरी गाडी रोज छावणीच्या तोंडाशी यायची. त्या वर्षीच्या राष्ट्रीय आकड्यात दूध वाढलेलंच दिसतं. कुठेतरी पाऊस पडला असेल.

आणि भाव पडला की? जुलै २०१८ मध्ये दुधाचं आंदोलन झालं, टँकर अडवले, रस्त्यावर दूध ओतलं. टीव्हीवर ते बघून सासूबाईंचा जीव कळवळला. ‘‘ओतायचं कशाला? गरिबाला तरी वाटायचं.’’ मी हे मामाला फोनवर सांगितलं. त्याने ओतलं नव्हतं, त्याच्याने ओतवलं नसतं. पण तो म्हणाला, ‘‘आज फुकट वाटलं तर उद्या इकत कोन घील?’’ दोघांचंही मला पटलं आणि पुढे काय बोलावं ते सुचलं नाही. अनुदान तेव्हाही जाहीर झालं, २०२४ मध्येही झालं, लिटरमागे आधी ५ रुपये, मग ७. त्यासाठी गायीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर ऑनलाइन चढवावा लागायचा. मामा एका हाताने गायीचा कान धरून आणि दुसऱ्या हाताने चष्मा सावरत नातवाला आकडे सांगतोय, हा व्हिडिओ आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर अजून फिरतो.

पण मला सांगायचं होतं ते २०२० चं. मार्चच्या शेवटी सगळं बंद झालं. हॉटेलं बंद, चहाच्या टपऱ्या बंद, लग्नं रद्द, मिठाईवाल्यांची कुलपं. मामाच्या गावात चार दिवस दुधाची गाडी आलीच नाही. गायीला लॉकडाऊन कळत नाही. सकाळ झाली की कास भरते, धार काढावीच लागते. मामींचा मला फोन, ‘‘काय करू गं या दुधाचं?’’

मग त्यांनी काय केलं नाही! चुलीवर कढई चढवली आणि खवा आटवला. विरजण लावलं, लोणी काढलं, तूप कढवलं. बासुंदी झाली, दुधातल्या दशम्या झाल्या. शेजाऱ्यांना तांबे भरभरून दिले, पण शेजाऱ्यांच्याही गोठ्यात तेच. नातू तेव्हा सहा वर्षांचा, तो दूध बघितलं की पळायला लागला. मामा रोज रात्री तांब्याभर दूध पिऊन झोपायचा आणि सकाळी म्हणायचा, हे असं रोज प्यालो असतो तर पैलवान झालो असतो.

पाचव्या दिवशी गाडी आली. दर विशीच्या खाली. पुढे सरकारने रोज १० लाख लिटर जादा दूध २५ रुपयांनी घेऊन त्याची पावडर करायला सुरुवात केली. किलोभर पावडरीला दहा-अकरा लिटर दूध लागतं. गाडी आली त्या सकाळपासून मामींच्या चुलीवरची कढई उतरली. तांब्यात पुन्हा चहापुरतं. फोनवर मी विचारलं, आता बरं वाटलं का? त्या म्हणाल्या, ‘‘बरं वाटलं. पर चार दिस राजावानी गेले बग. एवढं दूध जन्मात प्यालो न्हवतो.’’

आमच्या त्या घराने ४७१ ग्रॅमची रेघ ओलांडली ती त्या चार दिवसांत. कोणी विकत घेत नव्हतं तेव्हा.

निघायच्या आदल्या रात्री जेवणं झाल्यावर मामींनी एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. नातवाची शाळेची जुनी वही, मागच्या कोऱ्या पानांची. केंद्रावरच्या चिठ्ठ्यांची अक्षरं महिन्याभरात उडून जातात म्हणून त्या रोज रात्री चिठ्ठीवरून वहीत उतरवतात. तारीख, सकाळ, संध्याकाळ, लिटर, फॅट. चौथी शिकलेल्या बाईचं गोलगोल अक्षर आणि आकड्यांच्या खाली आकडा इतका नेमका की आमच्या ऑफिसातल्या पोरांना नेऊन दाखवावा. ‘‘तू हिशेब बगतीस ना, बग बरं, काय चुकलंय का.’’

बेरजा बरोबर होत्या. पण बघता बघता माझ्या लक्षात आलं की मधेमधे एखाद्या दिवशी अर्धा-पाऊण लिटरचा खड्डा आहे. आदल्या दिवशी चौदा, दुसऱ्या दिवशी चौदा, मधेच सव्वातेरा. जनावर आजारी असतं तर दूध दोन-चार दिवस उतरत गेलं असतं. हे तसं नव्हतं. मी तारखा बघत गेले. भाऊबीज. संक्रांतीनंतरचा रविवार. दोन्ही दिवस मी आले होते. माझ्यासाठी खरवस नाही तर बासुंदी नाही तर नुसतं पेलाभर निरसं दूध. तो पेला या वहीत वजा झालेला होता. आजच्या तारखेलाही चौदाच्या जागी साडेतेरा. मी तोंडाला पदर लावून हसले आणि एकेक तारीख त्यांना वाचून दाखवायला लागले. हा जावई आला तो दिवस. हा नातवाचा वाढदिवस. मामीही हसत होत्या.

मग जानेवारीतला एक मंगळवार आला. पाऊण लिटर कमी. सण नाही, वार नाही, कोणी आलेलं नाही.

‘‘हे काय मामी? या दिवशी कोण आलतं?’’

त्यांनी वही जवळ ओढून बघितलं. जरा वेळ बोलल्या नाहीत.

‘‘कोन न्हाय. मलाच ताप भरलता. तोंडाला चव नव्हती, म्हणून दूध-भात खाल्ला.’’ मग बोट खालच्या ओळीवर नेलं. ‘‘पर दुसऱ्या दिवशी बग की. चहा बिनदुधाचा केला. भरून काढलंय.’’